अचूकबाईचा डावा खांदा

ता. ३ जानेवारी

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक. लाँड्रीवाल्याकडून रफूचं काम येतंय आणि पाठ दुखतेय, दोन्ही नेहमीचंच. शेजारच्या सुनेनं रविवारचा पेपर आणून दिला. त्यात तुझं अख्खं पान आलंय, वर मोठ्या अक्षरात 'अचूकबाई'. वाचलं. मी चौथीपर्यंतच शिकले, पण खोटं वाचायला तेवढं शिक्षण पुरतं.

त्यात लिहिलंय, तू लहानपणी वडिलांबरोबर रानात शिकारीला जायचीस. कुठलं रान? आपण राहायचो धान्याच्या गोदामामागं एका खोलीत, आणि वडील गेले तेव्हा तू रांगत होतीस. तू मारायचीस उंदीर. रखवालदाराला वाकता येईना म्हणून त्यानं त्याची छऱ्याची बंदूक तुझ्या हातात दिली. दहा उंदीर पडले की तो आईला फाटक्या पोत्यातलं सांडलेलं धान्य झाडून न्यायला द्यायचा. त्या धान्यावर आपण तीन वर्षं काढली. ह्यात लपवण्यासारखं काय आहे? पहिल्या स्पर्धेला तुझ्या पायात माझे बूट होते, पुढं चिंध्या कोंबलेले, तेही कुठं नाही. पदकं मात्र एकूण एक लिहिलीत.

असो. पत्र लिहायला बसले ते त्यासाठी नाही. फोटोत बंदूक तुझ्या डाव्या खांद्याला आहे.

तू जन्मात कधी डावा खांदा वापरला नाहीस. रखवालदारानं एकदा सांगून पाहिलं होतं, तर तू म्हणाली होतीस की डाव्या डोळ्यानं तुला फक्त रडता येतं. मग हे काय आहे? चिंगीचे वडील गेल्यावर तू तिला हाताखाली घेतलंस, तिचं चांगलं केलंस, ते मी विसरले नाही. पण रोज शेवटच्या खेळाला माझी पोर बारा पावलांवर हातात खडू धरून उभी राहते आणि तू तो गोळीनं उडवतेस, हे मला पहिल्यापासून पसंत नाही. गप्प बसले, कारण तुझा नेम मला माहीत आहे. मला माहीत असलेला नेम उजव्या खांद्याचा आहे.

खरं काय ते कळव. माया पातळ करू नकोस आणि उत्तर लांबवू नकोस.

तुझी
ताई


ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं, दोनदा हसले. अगं, छापखान्यातल्या कुठल्या तरी दिवट्यानं फोटो उलटा लावला. उजवं डावीकडं गेलं, डावं उजवीकडं. मॅनेजर त्यांच्याशी फोनवर भांडलासुद्धा. तुझ्यासारखी बारीक नजरेची बाई वाचक म्हणून असेल हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक.

रानाबद्दल म्हणशील तर ते मी सांगितलं नाही. मी उंदीरच सांगितले होते. तो पत्रकार म्हणाला की रविवारी सकाळी लोक चहा पिता पिता वाचतात.

आमचं बरं चाललंय. दर चार दिवसांनी गाव बदलतं, खोल्या मात्र सगळीकडे त्याच. ह्या हॉटेलातली गादी इतकी मऊ आहे की मी खाली सतरंजीवर झोपते. चिंगी मजेत आहे. खाण्यापिण्यात कमी करत नाही आणि मॅनेजरला रोज एकदा तरी गप्प करते, अगदी तुझी मुलगी शोभते. पंचवीस फेब्रुवारीला मोठ्या थिएटरात खेळ आहे, त्याची तयारी सुरू आहे. खडूचं चित्र काढून पोस्टरंसुद्धा छापून झाली. अक्षर मोठं आणि वाकडं आलंय त्याला हसू नकोस, नवा पेन सरळ चालत नाही.

तू पाठीला शेक घे आणि माझ्या काळजीला थोडी सुट्टी दे. आहे तशीच जवळ धर, एवढं मागते.

तुझी
धाकटी


ता. १४ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि.

तू मला वेडी समजतेस का, तेवढं आधी कळव.

फोटोतला तो करडा कोट मी शिवलाय. मागच्या थंडीत, ह्याच खाटेवर बसून. बायकांच्या कोटाला काजं उजव्या अंगाला असतात आणि बटणं डाव्या. फोटो उलटा छापला असता तर बटणं उजवीकडं गेली असती. मी भिंग घेऊन बघितलं. बटणं डावीकडंच आहेत, जिथं मी लावली तिथं. म्हणजे फोटो सरळ आहे आणि तू वाकडं बोलतेस. छापखान्यातला माणूस आणि तुझा मॅनेजर दोघं येऊन शपथ घेऊ देत. बटणं काही खोटं बोलत नाहीत.

आणि पेनाचं सांगू नकोस. तुझी जुनी पत्रं काढून खाटेवर ओळीनं मांडली. गेल्या उन्हाळ्यापासून अक्षर वाढत चाललंय. ह्या पत्रात तर दोन ओळी एकमेकींवर चढल्यात. एक पेन वर्षभर नवा राहत नाही.

तुझा उजवा डोळा गेलाय. किंवा जायला लागलाय. मी विचारत नाही, सांगतेय.

तुझा डोळा, तू आणि तुझा मॅनेजर काय ते बघा. माझा जीव अडकलाय तो चिंगीच्या हातात. बावीस वर्षांची पोर, उद्या शिवायचं, लिहायचं, लेकराला उचलायचं तर हात लागेल. तिला त्या खेळातून काढ. मडकी फोड, फुगे फोड, बाटल्या फोड, लोकांना फुटण्याशी मतलब. तिच्या हातात खडू द्यायचा नाही.

तिलाही वेगळं लिहितेय. तुझ्यावर जीव आहे तो आहेच, म्हणूनच इतकं लिहितेय, नाहीतर एका ओळीत भागवलं असतं.

तुझी
ताई


ता. २० जानेवारी

ती. आईस,
चिंगीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आई, किती ते ओरडणं, पाकीट उघडताना हात भाजला. मावशी एकदम छान आहे. खडू रोज उडतो, एकदाही चुकला नाही. मला ओरखडासुद्धा नाही. हवं तर देवाशप्पथ म्हणते, पण तू म्हणशील शपथा घेणाऱ्या माणसावर आधी संशय घ्यावा.

मावशीनं खांदा बदलला हे खरं आहे. उजवा दुखतो तिचा, इतकी वर्षं धक्के खाऊन. डाव्यानंही ती तशीच मारते. अचूकबाई उगीच नाही म्हणत लोक. तू कधी खेळ बघायला येत नाहीस म्हणून तुला असं वाटतं.

सोबत कपड्यांचं गाठोडं पाठवतेय. माझा काळा मखमली झगा काखेत उसवलाय. दोन जोड पांढरे हातमोजे आहेत, त्यांचं जरा बघ. मॅनेजर म्हणत होता नवे घेऊ, पण मी म्हटलं घरात रफूवाली आई असताना नवे कशाला. पंचवीस तारखेच्या आत परत आले तर बरं होईल.

मावशीला रागाचं काही लिहू नकोस. ती तुझं पत्र आलं की दिवसभर बंदूक पुसत बसते. मला मात्र लिही, शिव्या दिल्यास तरी चालतील, त्या तुझ्याच असतात.

तुझी
चिंगी


ता. २७ जानेवारी

चि. चिंगीस,
आशीर्वाद. वि. वि.

गाठोडं मिळालं. झगा शिवला. हातमोजे शिवले नाहीत, ते माझ्यासमोर ठेवलेत. ते काय सांगतायत ते तुला लिहिते, म्हणजे कुठं चुकलीस ते कळेल.

आधी झग्याचं. पहिली दोन वर्षं तुझा झगा यायचा तेव्हा उजवी बाही कोपरापर्यंत पांढरी असायची. गोळी लागली की खडूचं पीठ होतं आणि ते मखमलीत घुसतं. दारात उभी राहून झटकायचे, दहा शिंका यायच्या. ह्या वेळी बाही काळीभोर आहे. शिवणीतसुद्धा पीठ नाही. मागच्या खेपेलाही नव्हतं. मला वाटलं, पोर शहाणी झाली, झटकून पाठवते. तू आणि झटकून.

आता हातमोजे. दोन्ही जोडांत उजवा अंगठा आतून फाटलाय. नखाच्या जागी. बाकी बोटं कोरी. बाहेरून काही लागलं तर धागा आत जातो, आतून जोर आला तर बाहेर येतो. इथं धागा बाहेर आलाय. म्हणजे रोज त्या अंगठ्यानं आतून काहीतरी जोरानं मोडलंय.

तू खडू मोडतेस. बार झाला की अंगठ्यानं मोडतेस. आणि गोळी सुटतच नाही, नाहीतर बाही पांढरी झाली असती.

हे कळलं तेव्हा पहिल्यांदा मी पाणी प्याले. हात शाबूत आहे एवढं बरं वाटलं. मग डोकं तापलं. ही लबाडी कुणाची? मावशीची की मॅनेजरची? जिनं पोटासाठी उंदीर मारले पण मेलेला उंदीर दुसऱ्यांदा मोजला नाही, ती आता तिकीट काढून आलेल्या लोकांना फसवते? मला खरं वाटत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही. तुम्ही तिघं मिळून काय शिजवताय ते सगळं लिही. ह्या वेळी शपथ नको, नुसतं खरं लिही.

नवे हातमोजे घेतले असतेस तर मला कळलं नसतं. आपल्या घरात काही टाकायचं नाही हे मीच शिकवलं, ते असं उलटलं.

जीव लावून बसलेय, तेवढं ध्यानात ठेव.

तुझी
आई


ता. २ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन बसले. मावशी दार वाजवत होती, तिला म्हटलं पोटात दुखतंय.

सगळं लिहिते. मॅनेजरला काही माहीत नाही. मावशीलाही माहीत नाही. हे माझं एकटीचं आहे.

माझ्यामागं एक जाड फळी असते, गोळी त्यात रुतते. खेळ संपला की फळी मी बदलते. आधी भोकं एकावर एक असायची, रुपयाखाली झाकतील अशी. गेल्या उन्हाळ्यापासून ती पसरायला लागली. मावशी डाव्या खांद्यावर गेली, तरी आवरेनात. खडू उडायचा, पण कधी टोकाला, कधी बोटांच्या अगदी जवळ. एकदा हातमोजा गरम लागला. त्या दिवशी मी ठरवलं.

शेवटच्या खेळाचं काडतूस मी भरून देते. मी बंदुकीत गोळी नसलेलं, नुसत्या बाराचं भरायला लागले. आवाज होतो, धूर होतो, मी खडू मोडते. बाटल्या आणि फुगे ती खऱ्याच गोळीनं फोडते, ते मोठे असतात, जमतं तिला. आठ महिने झाले. खडू उडाला की ती माझ्याकडं बघून मान हलवते ना आई, तेव्हा तिचं तोंड तू बघायला हवंस. मी तिला सांगू कशी?

पण आता घोटाळा झालाय. कुठल्या तरी पेपरात आलं की खडूच्या खेळात हातचलाखी आहे. मॅनेजरनं चिडून जाहीर केलं की पंचवीस तारखेला प्रेक्षकांतला कुणीही येऊन बंद खोक्यातलं काडतूस स्वतःच्या हातानं भरेल. म्हणजे खरी गोळी. मी उभी राहणार आहे. एकच तर गोळी आहे, आणि मावशीचा दिवस चांगला असला तर अजूनही लागते. मी हात लांब धरीन.

तुला हात जोडते, मावशीला काही कळवू नकोस. तिला कळलं तर ती उद्याच खरी गोळी भरेल, स्वतःला दाखवायला. तू ओळखतेस तिला.

ओरडलीस तरी चालेल, पण मला दूर लोटू नकोस.

तुझी
चिंगी


ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि.

चिंगीनं मला हात जोडून सांगितलं की तुला काही कळवू नकोस. मी कळवतेय. तिला नंतर काय वाटायचं ते वाटो.

आठ महिने तू खडू उडवलेला नाहीस. चिंगी तुला गोळी नसलेलं काडतूस देते आणि बार झाला की स्वतः अंगठ्यानं खडू मोडते. फळीवरची भोकं तिच्या बोटांकडं सरकायला लागली म्हणून तिनं हे केलं. तुला सांगायचं धाडस झालं नाही, तुझं तोंड पडेल म्हणून. मी हे तिच्या हातमोज्यावरून ओळखलं, मग तिनं कबूल केलं.

आता पंचवीस तारखेला खरी गोळी आहे, कुणीतरी परका येऊन भरणार आहे, आणि ती बयो म्हणते, मी हात लांब धरीन. अंगठ्याचं माप लांब धरल्यानं बदलत नाही.

तुला वाईट वाटेल. वाटू दे. पण चिडून उद्याच खरी गोळी भरलीस आणि माझ्या पोरीला समोर उभं केलंस, तर तू मला बहीण नाहीस. हे मी रागात लिहीत नाही, सकाळी सहा कपडे रफू करून, चहा पिऊन, शांतपणे लिहितेय.

मी तुला हिशेबी लबाड समजले होते, आठ दिवस. तेही सांगून टाकते, मनात ठेवत नाही.

उलट टपाली उत्तर पाहिजे. तुझ्यावरची माया उत्तर येईपर्यंत तशीच ठेवते, पुढचं पुढं.

ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मला माहीत होतं.

ताई, मी बत्तीस वर्षं बंदूक धरतेय. खरी गोळी सुटली की खांद्याला कळतं. फुसकं काडतूस नुसतं खोकतं. पहिल्याच दिवशी कळलं, धूर विरायच्या आत. मी चिंगीकडं बघितलं, तिच्या हातात अर्धा खडू होता आणि ती माझ्याकडं अशी बघत होती की जणू मीच तो उडवलाय. मी मान हलवली. काय करणार होते?

त्या दिवशी मी खोलीवर आले. आधी संताप आला. मग लक्षात आलं की गेले कित्येक महिने त्या एका गोळीआधी माझे पाय गार पडायचे, ते त्या दिवशी पडले नव्हते. उद्याही पडणार नाहीत. पोरीनं मला सोडवलं होतं. तिला वाटलं ती माझी अब्रू राखतेय. मला वाटलं, बोलले नाही तर निदान तिचा हात राहील. बोलले असते तर डोळ्याचं बोलावं लागलं असतं. डोळ्याचं बोलले असते तर खेळ गेला असता. मग मी कोण? गोदामामागची एक बाई, जिला शिवताही येत नाही.

डोळ्याचं तू ओळखलंस ते बरोबर. एका चष्मेवाल्याला नाव न सांगता दाखवला, तो म्हणाला मोतीबिंदू आहे, काढून टाका. डोळ्यात सुरी घालायची म्हटल्यावर मी तिथून जी उठले ती परत गेले नाही. हसू नकोस.

पंचवीस तारखेला चिंगी खडू धरणार नाही. हे माझं तुला वचन. बाकीचं मी बघते. तिला अजून काही बोलले नाही, ते माझ्या तोंडानं सांगू दे.

तू मला लबाड म्हणालीस ते बरोबरच होतं, फक्त हिशेबी नव्हते मी. तुझी माया उधार ठेवू नकोस, अशी अर्धवट जड लागते.

तुझी
धाकटी


ता. १५ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते. तुझ्या मावशीनं मला वचन दिलंय की पंचवीसला तू खडू धरणार नाहीस. तिची वचनं मला माहीत आहेत. आणि 'बाकीचं मी बघते' ह्या वाक्यात पाणी मुरतंय. बघते म्हणजे काय? मॅनेजर पाया पडला, थिएटर भरलेलं दिसलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या की माणसाचं काय होतं ते सांगता येत नाही.

म्हणून तुला सांगून ठेवते. त्या दिवशी कुणीही तुझ्या हातात खडू दिला, मावशी असो, मॅनेजर असो, तर तो खाली टाकायचा आणि स्टेजवरून चालत बाहेर यायचं. लोक हसले तर हसू देत. झगा आणि हातमोजे मी पाठवलेले नाहीत, पाठवणारही नाही. तेवढंच माझ्या हातात आहे.

मला तुझ्यावर राग नाही. भेटलीस की येईल.

तुझी
आई


ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

काल झालं ते चिंगीनं लिहिण्याआधी मी लिहितेय. अक्षर सांभाळून घे.

दुपारी थिएटर रिकामं होतं. मी चिंगीला बोलावलं आणि फळीवर हात ठेवायला सांगितला, खडू धरते तसा. पेन्सिलनं हाताची कड काढली. ती म्हणाली, हे कशाला. मग तिला सांगितलं की मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती आधी रडली, मग भांडली, की मग मी आठ महिने अंगठा का सोलून घेतला. तिचं बरोबर होतं.

मॅनेजरला आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं मला बोलूच दिलं नसतं.

शेवटच्या खेळाला मी पुढं गेले आणि लोकांना सांगितलं की माझ्या उजव्या डोळ्याला दिसत नाही. आठ महिने खडू मी उडवलेला नाही, ती हातचलाखी होती, आणि त्याचा दोष माझा एकटीचा. मुलगी आजपासून खडू धरणार नाही. खडू फळीपुढं, ती धरायची त्याच जागी, तारेच्या चिमट्यात लागेल, गोळ्या खऱ्या असतील, दहा मारीन, लागतील तेवढ्या लागतील. मग एक शाळेतल्या बाई वर आल्या, त्यांनी खोकं फोडून एकेक काडतूस भरलं.

सहा लागल्या. चार चुकल्या.

लोकांपुढं माझी गोळी चुकली ती काल पहिल्यांदा. पहिली चुकली तेव्हा पाठीमागच्या रांगेतून कुणीतरी तिकीट परत मागितलं. चौथी चुकेपर्यंत सवय झाली, त्यांना आणि मला. शेवटी टाळ्या झाल्या. तू म्हणशील की कशासाठी वाजवल्या त्याचा भरवसा नाही. मलाही नाही. मॅनेजर कालपासून माझ्याशी बोलत नाही, म्हणजे शांतता आहे.

सगळे गेल्यावर मी फळी बघायला गेले. चिंगी म्हणत होती नको बघूस. चुकलेल्या चारपैकी दोन वर गेल्या होत्या, एक डावीकडं. चौथी पेन्सिलीच्या रेघेच्या आत होती. अंगठ्याच्या पहिल्या पेरावर, अगदी मधोमध. इतकी अचूक की मी ठरवूनसुद्धा मारली नसती.

मी तिथंच खाली बसले. चिंगीनं त्या भोकावर हात ठेवून झाकलं, मला दिसू नये म्हणून. तो हात बघितल्यावर मला आणखी रडू आलं.

पुढचे खेळ रद्द केलेत. चिंगीला आज गाडीत बसवलंय, ती परवा पोचेल. मला इथलं आवरायला पंधरा दिवस लागतील. मग कुठं जायचं ते ठरवलेलं नाही. तू रागावलेली असशील तर तसं कळव, मी समजून घेईन. उरलेली असेल तेवढी माया पाठव.

तुझी
धाकटी


ता. ५ मार्च

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

चिंगी पोचली. दारातच तिचा हात घेतला, पुढून बघितला, मागून बघितला, पाची बोटं वाकवून बघितली. मग एक थोबाडीत दिली आणि जेवायला वाढलं. तुझ्या वाटणीची राखून ठेवलीय.

तुझं पत्र तिनं वाचून दाखवलं. फळीचं ऐकल्यावर मी तिला थांबवलं, थोड्या वेळानं पुढं वाच म्हटलं. तुझ्यावर संशय घेतला त्याबद्दल मी माफी मागणार नाही. घेतला नसता तर ती पंचवीसला उभी राहिली असती. पण तू स्वतःच्या तोंडानं सांगितलंस, चार चुकल्या हेही लपवलं नाहीस, आणि ती चौथी तर मला न कळवताही चाललं असतं, तरी कळवलीस. तेव्हा माझाही एक लपवलेला दोष तुला सांगून टाकते.

वर्षभर मला सुईत दोरा ओवता येत नाही. शेजारची सून सकाळी पाणी भरायच्या आधी दहा सुया ओवून देते, त्या मी उशीच्या अभ्र्याला टोचून ठेवते आणि दिवसभर पुरवते. लाँड्रीवाला आला की शिवतेय असं दाखवायला नुसता हात हलवत राहते. गेल्या महिन्यात काळ्या कोटावर निळ्या दोऱ्यानं रफू केलं. गिऱ्हाईक परत आलं तेव्हा मी कानावर हात ठेवले आणि दोरा धुण्यात उतरला म्हणून सांगितलं. दुसऱ्यांची बटणं भिंगातून मोजणारी मी ही अशी. चिंगीला पहिल्याच दिवशी कळलं, सुया बघून. पोर माझ्यावर गेलीय.

तेव्हा कुठं जायचं हे विचारायची गरज नाही. इकडं ये. खोली एकच आहे, खाट चिंगीला दिलीय, आपण दोघी खाली झोपू, तुला तसंही गादी सोसत नाही. तू आलीस की पहिल्याच मंगळवारी डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं ठरवलंय, तू आणि मी. सुरीला घाबरायचं असेल तर घाबर, पण माझ्या शेजारी बसून घाबर, मीही एकटीनं जाणार नव्हते.

तिथं सकाळपासून रांग लागते म्हणे. तू पुढं उभी राहा आणि नाव सांग, चांगलं मोठ्यानं सांग. इतकी वर्षं तुझं जे कौतुक झालं त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही, निदान नंबर तरी लवकर लागू दे.

येताना तो करडा कोट घालून ये. माया आहे तेवढी सगळी इथंच आहे, पोस्टानं पाठवत नाही, येऊन घे.

तुझी
ताई